पिलाटेस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार धरले ते आयुष्यभर सोडले नाहीत. संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले. त्याच काळात जोसेफ पिलाटेस हे जर्मन गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये आपली व्यायामपद्धती शिकवत होते. तीच आता आपल्याकडे येऊ लागली आहे आणि तिच्याबरोबर काही गैरसमजही.

गैरसमज : हा बायकांचा नाजूक व्यायाम आहे.
वस्तुस्थिती : १८८३ साली जन्मलेले जोसेफ लहानपणी किरकोळ प्रकृतीचे होते. पुढे जिम्नॅस्टिक्स आणि मुष्टियुद्ध करून त्यांनी शरीर कमावलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून स्थानबद्ध केलं, तेव्हा छावणीतल्या सोबत्यांना ते व्यायाम शिकवत. आपल्या पद्धतीला त्यांनी नाव दिलं ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे स्नायूंवर मनाचा ताबा.

गैरसमज : महागडी यंत्रं लागतातच.
वस्तुस्थिती : स्प्रिंगांवर सरकणारं ‘रिफॉर्मर’ उपयोगी आहे, पण अनिवार्य नाही. जोसेफ यांच्या १९४५ च्या पुस्तकातले ३४ व्यायाम जमिनीवर करायचे आहेत. जाड सतरंजी पुरते. पहिला व्यायाम ‘हंड्रेड’. उताणं झोपायचं, डोकं आणि खांदे किंचित उचलायचे, पाय सरळ उचलून धरायचे आणि ताठ हात मांड्यांशेजारी खालीवर हलवायचे. पाच हेलकाव्यांत श्वास आत, पाचांत बाहेर. अशा दहा फेऱ्या झाल्या की शंभर. नवख्यांनी गुडघे वाकवून पावलं जमिनीवरच ठेवावीत. मान दुखली तर डोकं खाली टेकवावं.

गैरसमज : हा योगासनांचाच नवा अवतार आहे.
वस्तुस्थिती : साम्य आहे, पण आसनात बहुधा स्थिर राहायचं असतं, इथे हालचाल अखंड चालते. श्वास नाकाने घेऊन, बरगड्या बाजूंना फुलवून, तोंडाने सोडतात. सगळा भर पोट, कंबर आणि पाठीच्या खोलवरच्या स्नायूंवर असतो.

गैरसमज : दिवसभर शेतात राबणाऱ्याला व्यायामाची गरज नाही.
वस्तुस्थिती : तासगावच्या द्राक्षबागेत विरळणी करताना हात आणि मान तासन्‌तास वर असतात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी तोडताना कंबर वाकलेली असते. कष्ट भरपूर होतात, पण एकाच बाजूचे. पिलाटेस दोन्ही बाजूंच्या स्नायूंना बळ आणि लवचिकता देतो, तोल सुधारतो.

गैरसमज : पाठदुखीवर हा रामबाण आहे.
वस्तुस्थिती : जुनाट कंबरदुखीवरच्या अभ्यासांचा आढावा २०१५ साली कोक्रेन या संस्थेने घेतला. जवळपास काहीच न करण्यापेक्षा पिलाटेसने दुखणं कमी होतं, पण इतर व्यायामांपेक्षा तो सरस आहे याचा ठोस पुरावा मिळाला नाही. गरोदरपण, मणक्याची गादी सरकणं किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी कमरेतून पुढे गोल वाकण्याचे प्रकार टाळावेत.

गैरसमज : पोटाची चरबी झटपट उतरते.
वस्तुस्थिती : कुठलाच व्यायाम ठरावीक जागची चरबी वितळवत नाही. पिलाटेसने स्नायू बळकट होतात आणि अंगाची ठेवण सुधारते. वजनासाठी आहार सांभाळावा लागतो आणि झपझप चालावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते.

सूर्यनमस्कार घाला किंवा पिलाटेस करा, जाणकाराकडून नीट शिकून घ्या आणि एकदा धरलं की सोडू नका. शरीराला गुण येतो तो नेमाने.