आपली वही आपल्याच हातीं असावी

पेर कोणत्या नक्षत्रावर झाली, कोणत्या तुकड्यास किती पाळ्या घातल्या, गाय केव्हां व्याली, हें कोणताही जाणता शेतकरी न अडखळतां सांगतो. मात्र गेल्या महिन्यांत घरांतून किती पैसा गेला व तो कशावर गेला, असें विचारलें म्हणजे पुष्कळांस उत्तर सुचत नाहीं. हा दोष बुद्धीचा नव्हे, संवयीचा आहे. आणि संवय तपासून पाहिल्यावांचून ती सुधारत नाहीं.

हिशेब दुसऱ्याच्याच हातीं राहिला म्हणजे काय होतें, याचा अनुभव महाराष्ट्रानें पूर्वीं घेतला आहे. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, आणि तो दंगा पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. कारण देण्याची नोंद बहुधा सावकाराच्याच दप्तरीं असे. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत भरण्याची लेखी पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा व पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. कायद्यानें या कागदांस इतकें महत्त्व कां दिलें, हें आजही ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आज कित्येक ठिकाणीं खतें, बियाणें व औषधें उधारीवर आणिलीं जातात आणि त्यांची नोंद केवळ दुकानदाराच्या वहींत असते. समजा, मृगांत २०,००० रुपयांचा माल उधार आणिला व त्यावर दरमहा शेंकडा २ प्रमाणें आकार पडला, तर सहा महिन्यांत व्याजाचे २,४०० रुपये होतात. तीच रक्कम किसान क्रेडिट कार्डावरील अल्पमुदतीच्या पीककर्जांतून शेंकडा ७ दरानें घेतल्यास ७०० रुपये होतात. आणि मुदतींत फेड केली तर केंद्र सरकारची शेंकडा ३ ची सूट मिळून व्याज ४०० वर येतें. हा २,००० रुपयांचा फरक पावसानें केला नाहीं, बाजारभावानेंही केला नाहीं. तो आपल्या संवयीनें केला.

किरकोळ खर्चाचेंही असेंच आहे. तालुक्याच्या गांवीं चहापानांत रोज ३० रुपये गेले, तर वर्षाचे १०,९५० होतात. चहा सोडावा असा उपदेश करण्याचा येथें हेतु नाहीं. रक्कम ठाऊक असावी, एवढेंच म्हणणें आहे. सन २०१६ पासून यूपीआयच्या योगानें मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाली. नोट मोडतांना मनास जी टोंचणी लागते, ती यांत लागत नाहीं. परंतु प्रत्येक रकमेची नोंद आपोआप राहते, हा मोठा लाभ आहे. महिनाअखेर ती यादी वहींत उतरून घ्यावी.

वहीचे तीन भाग पुरेत: शेत, घर आणि देणें-घेणें. घरीं खाण्यास ठेविलेलें धान्य त्या दिवसाच्या भावानें शेताच्या जमेस धरावें व घराच्या खर्चीं टाकावें. नाहींतर शेत तोट्यांत दिसतें आणि घर स्वस्तांत चाललेलें वाटतें. घरच्या माणसांच्या मजुरीचाही आकार धरावा. मग महिन्यांतून एकदां घरधनिणीस सोबत घेऊन स्वतःस चार प्रश्न विचारावेत:

१. उधार आणिलेल्या प्रत्येक मालाची पावती आपल्याजवळ आहे काय?

२. कोणतें कर्ज किती दराचें व कोणत्या तारखेस फेडावयाचें, हें पाहिल्यावांचून सांगतां येतें काय?

३. पिकाचा पैसा हातीं येतांच पुढील हंगामाचें बियाणें व खत यांपुरती रक्कम वेगळी काढली काय?

४. या महिन्यांतील कोणता खर्च लोकांस दाखविण्याकरितां झाला?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें देणें सर्वांत अवघड. लग्नकार्याच्या वर्षीं तर फारच.

विदर्भ-मराठवाड्यांत सालगड्याचें साल गुढीपाडव्यापासून धरण्याचा प्रघात आहे. त्याच मुहूर्तावर स्वतःची वहीही सुरू करावी. पहिल्या वर्षीं तींत चुका राहतील, कांहीं दिवस कोरेही जातील. तथापि पुढील पाडव्यास कोणी देण्याचा आंकडा सांगूं लागला, तर तो मान्य करण्यापूर्वीं आपली वही उघडून पाहतां येईल.