कृत्तिकांच्या उजेडाचे माप

दिवाळीत रात्री नऊच्या सुमारास गच्चीवरून पूर्वेला पाहा. कृत्तिकांचा झुबका दिसेल. इतक्या दूरचे तेज मोजतात कसे, याचे मला मोठे कुतूहल.

दुर्बिणीला लावलेले यंत्र उजेडाचा आकडा देते खरे; पण हवेत धूळ आली, तारा क्षितिजाकडे कलला, की तो आकडा उतरतो. वाण्याचा तराजू चोख असून भागत नाही, वजनेही खरी हवीत! ज्योतिर्विदांची वजने म्हणजे प्रमाण-तारे. त्यांचे तेज आधीच पक्के ठरलेले. त्याच रात्री तेही मोजायचे आणि त्यांच्याशी ताडून यंत्राचा आकडा सुधारून घ्यायचा. १९५३ साली अमेरिकेतील जॉन्सन व मॉर्गन यांनी अतिनील, निळ्या व पिवळसर गाळण्यांतून अशी मोजणी प्रसिद्ध केली. तीत कृत्तिकाही होत्या.

एवढा खटाटोप कशाला? पुंजातले तारे आपल्यापासून जवळजवळ सारखेच दूर. त्यांच्या रंगावरून आणि तेजावरून ते अंतर काढता येते. तेजाच्या एका प्रतीचा दहावा हिस्सा चुकला, तर अंतर सुमारे ५ टक्क्यांनी चुकते. १९९७ साली हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजणीतून कृत्तिका सुमारे ३८५ प्रकाशवर्षांवर ठरल्या. तेज मोजणाऱ्यांचा हिशेब मात्र ४३० च्या आसपास! उपग्रहापुढे मान तुकवणे सोपे होते; त्यांनी ती तुकवली नाही, याचे मला कौतुक वाटते. पुढे गाया उपग्रहाने कौल दिला, तो सुमारे ४४० चा.