युद्ध कोणाचे, संमती कोणाची?

परकीयांच्या युद्धापासून दूर राहावे, ही सामान्य माणसाची इच्छा जुनीच आहे. प्रश्न एवढाच, की त्याला विचारतो कोण? पहिल्या महायुद्धात अमेरिकेने एक लाखाहून अधिक सैनिक गमावले. त्याची आठवण ताजी असताना लुईस लड्लो यांनी तेथे एक घटनादुरुस्ती सुचविली. देशावर आक्रमण झालेले नसल्यास युद्धापूर्वी जनतेचा कौल घ्यावा, अशी ही सूचना होती. जानेवारी १९३८ मध्ये ती प्रतिनिधिगृहात चर्चेस घेण्याचा प्रस्ताव १८८ विरुद्ध २०९ मतांनी फेटाळला गेला. तरीही प्रश्न निदान विचारला तरी गेला.

हिंदुस्थानात तेवढेही घडले नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणाही लोकप्रतिनिधीला न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले. रत्नागिरीत जन्मलेल्या बाळासाहेब खेरांच्या मुंबईच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला, तो हिटलरविषयीच्या ममत्वापोटी नव्हे, तर संमतीच्या तत्त्वासाठी. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत रत्नागिरीचेच सुपुत्र लोकमान्य टिळक यांनी सैन्यभरतीची सांगड स्वराज्याशी घातली, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही आणि लोकमान्य सभात्याग करून गेले.

मात्र याच काळात जिल्ह्यातील मराठा व महार तरुण पलटणीत दाखल होत होते, हे विसरून चालणार नाही. वरकस जमीन, खोताचा वसूल आणि जेमतेम भात यांतून बाहेर पडण्याच्या वाटा दोनच : मुंबईची गिरणी किंवा पलटण. महारांना तर भरतीचे बंद झालेले दार १९१७ मध्ये पुन्हा उघडले आणि १९२१ मध्ये त्यांची पलटण मोडली गेली. त्यांच्या लेखी युद्ध म्हणजे भाकरी आणि प्रतिष्ठाही होती.

पोटाने दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय? हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. २०२४ मध्येही, नोकरीच्या आमिषाने रशियाच्या सैन्यात अडकलेल्या भारतीय तरुणांच्या सुटकेसाठी आपल्या सरकारला मॉस्कोशी बोलणी करावी लागली. राष्ट्राने अलिप्त राहण्याचे ठरविले, तरी बेकार तरुणाला अलिप्त राहणे परवडत नाही. गावातच रोजगार मिळणे हाही परराष्ट्रधोरणाचाच भाग आहे, हे जोवर आपण ओळखत नाही, तोवर परक्यांच्या युद्धात आपली मुले मरतच राहतील.