रोबोच्या आज्ञावलीचा सातबारा



शाळेतली पोरे रोबो बनवतात याचे आता नवल राहिलेले नाही. केंद्र सरकारने 2016 पासून शाळांतून अटल टिंकरिंग लॅब काढल्या आणि सहावी ते बारावीची मुले तिथे मोटारी नि सेन्सर जोडू लागली. आज ज्या अवजाराची ओळख करून देतो आहे, ते मात्र मोठ्या रोबोंसाठी आहे आणि त्याची गरज प्रथम अमेरिकेत पडली.

तिथे 'फर्स्ट' नावाची संस्था 1992 पासून शाळकरी मुलांची रोबो-स्पर्धा भरवते. जानेवारीत खेळ जाहीर होतो आणि थोड्याच आठवड्यांत मुलांना अर्ध्या क्विंटलाच्या आसपासचा रोबो उभा करावा लागतो. मुंबईच्या मुलांचा संघही तिथे उतरला आहे. रोबोने काय करायचे ते मुले जावा, सी-प्लस-प्लस किंवा पायथॉन या संगणकी भाषांत लिहितात. हीच त्याची आज्ञावली. पाहता पाहता ती हजारो ओळींची होते, डझनावारी फायलींत विखुरते. मग सामन्याच्या आदल्या रात्री रोबोचा हात हलत नाही आणि चूक कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही.

अशा वेळी मुले एआय एजंटाला विचारतात. एजंट म्हटले की आपल्याला विमा किंवा बियाणे विकणारा आठवतो. हा तसा नव्हे. हा संगणकातला गडी. काम सांगितले की फायली उघडतो, वाचतो, पुढची पायरी ठरवतो. गडी हुशार, पण त्याच्या डोक्यात एका वेळी ठरावीकच मजकूर मावतो. बाकीचे तो अंदाजाने भरतो आणि वर ठासून सांगतो. शेत न पाहता, फोनवर ऐकून औषध सांगणाऱ्यासारखे हे झाले.

अंदाज कमी व्हावा म्हणून त्याच्या हातात द्यायचे हे अवजार. 2024 च्या नोव्हेंबरात 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची जोडणीची पद्धत जाहीर झाली. ट्रॅक्टरच्या मागच्या लिंकेजला नांगर लावा की रोटाव्हेटर, जोड एकच. तसेच या पद्धतीने एजंटाला हवे ते अवजार जोडता येते.

असे अवजार आधी आज्ञावलीचा सातबारा तयार करते. कोणती मोटार कोणत्या फायलीत, तिला कोणता क्रमांक, तिला कोण कोण आज्ञा देते, हे सारे एका ठिकाणी. एका तारेवरच्या, एकाच जातीच्या दोन मोटार-नियंत्रकांना चुकून एकच क्रमांक दिला, तर एका गट नंबरावर दोन मालक लागल्यासारखा घोळ होतो. सातबारा समोर असला की असली गोष्ट लगेच नजरेत भरते.

दुसरी चूक नवशिक्या मुलांची नेहमीची. या रोबोंचा मुख्य कार्यक्रम साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 50 वेळा फिरतो. एकच पाटकरी सगळ्या वाफ्यांना पाणी देत फिरावा तसा. मुलाने मध्येच 'दोन सेकंद थांब' अशी ओळ लिहिली, की पाटकरी त्या वाफ्याशीच बसतो आणि बाकीचा रोबो ताटकळतो. दुसरीकडच्या आज्ञावलीत तशी ओळ चालूनही जाते, म्हणून अनोळखी एजंट तिच्यावरून पुढे निघून जाऊ शकतो. रोबोसाठीच बनवलेले अवजार तिथे बोट ठेवते.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती नोंदवही वाचण्याची सोय. रोबो सामन्यात काय घडले ते क्षणाक्षणाला नोंदवतो. त्याला एकच 12 व्होल्टची बॅटरी असते. सगळ्या मोटारी एकदम जोरात ओढू लागल्या की व्होल्टेज पडते, आणि 2025 च्या हंगामातला नियंत्रक व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेले की स्वतःला वाचवण्यासाठी मोटारी बंद करत असे. कमी दाबात विहिरीवरची मोटार कशी बंद पडते, हे तुम्हाला मी काय सांगावे! आता केवळ आज्ञावली वाचणारा एजंट दोष आज्ञावलीतच शोधणार. मुळाशी पाणी साचून पान पिवळे पडलेले, आणि आपण फवारणी करत बसलो, तसला प्रकार. नोंदवही उघडली की कळते, ओळी बरोबर आहेत, बॅटरी बदला.

आता घरोघरची शंका: मग पोरगे शिकणार काय? शंका रास्त आहे. म्हणून मला अशीच अवजारे पसंत आहेत जी फक्त पाहतात, आज्ञावलीला हात लावत नाहीत. एजंटाने ओळ नि कारण दाखवावे. ती ओळ मुलाने बदलावी आणि रोबो पुन्हा चालवून पाहावा. ज्यांच्या गावात विचारायला जाणता कुणी नाही, त्यांना एवढी मदतही थोडी नव्हे.

असली काही अवजारे जाणत्यांनी बनवून फुकट वापरायला ठेवली आहेत, एजंटाचे मात्र बहुधा पैसे पडतात. टिंकरिंग लॅबमधल्या दोन-तीनशे ओळींच्या गाडीला एवढा खटाटोप करू नये, तिथे शिक्षक आणि कागद-पेन्सिल पुरे. आणि मुलांना एक जरूर बजावा: आज्ञावलीत पासवर्ड किंवा कुणाचा फोन नंबर लिहिलेला असेल, तर एजंटाला दाखवण्याआधी तो काढून टाकायचा.