विश्लेषण : मुलांच्या कोपराच्या शस्त्रक्रियेत 'सी-आर्म' का महत्त्वाचा?

झोपाळ्यावरून किंवा सायकलवरून पडताना मूल आपसूक हात पुढे टेकवते आणि सगळा भार कोपरावर येतो. अशा वेळी दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. हाड पूर्ण सरकले असेल, तर बहुतेकदा मोठी चीर न देता, पडद्यावरील प्रतिमा पाहत ते जुळवले जाते.

हाड नेमके तिथेच का मोडते?

कोपराजवळ दंडाचे हाड चपटे होते. पुढच्या आणि मागच्या खळग्यांमधला भाग फारच पातळ असतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांत ही दुखापत सर्वाधिक आढळते. गार्टलंड यांनी 1959 मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले. हाड न सरकल्यास प्लास्टर पुरते. पूर्ण सरकल्यास सहसा शस्त्रक्रिया लागते. शेजारूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जात असल्याने मनगटाची नाडी, बोटांची हालचाल व संवेदना आधी तपासतात.

सी-आर्म काय करतो?

इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या या यंत्राच्या एका टोकातून क्ष-किरण निघतात, दुसऱ्या टोकाला ते टिपले जातात आणि प्रतिमा लगेच पडद्यावर दिसते. भूल दिल्यावर हात ओढून, वळवून हाड जागेवर आणले जाते. मग त्वचेतून बारीक तारा (के-वायर) हाडात घालतात. समोरून आणि बाजूने, अशा दोन्ही प्रतिमा आवश्यक असतात. बाजूच्या प्रतिमेत दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेने ओढलेली रेघ कोपराच्या बाहेरील गोलाकार भागातून गेली पाहिजे. जोडणी तिरकी राहिल्यास हात आतल्या बाजूला वाकडा दिसतो आणि वाढत्या वयातही हा वाकडेपणा फारसा सुधारत नाही.

प्रतिमेत सगळे दिसते का?

नाही. लहान मुलांच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा क्ष-किरणांत दिसत नाही. तिथली सहा अस्थिकेंद्रे साधारण पहिल्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने दिसू लागतात. त्यामुळे गरज पडल्यास सांध्यात रंगद्रव्य सोडून प्रतिमा घेतात किंवा सोनोग्राफीची मदत घेतात. सोनोग्राफीत कूर्चा दिसते आणि किरणोत्सर्गही नसतो. मात्र ती करणाऱ्याचा हात सरावलेला हवा. नसाही सी-आर्मवर दिसत नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूने तार घालताना अल्नर नसेला इजा होऊ शकते. म्हणून अनेक शल्यचिकित्सक सर्व तारा बाहेरच्या बाजूनेच घालतात, किंवा आतल्या बाजूला छोटी चीर देऊन नस सांभाळतात.

किरणांचा धोका किती?

कोपराच्या शस्त्रक्रियेत मात्रा सहसा कमी असते. तरीही वाढत्या वयाच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असल्याने ती शक्य तितकी कमी ठेवणे हाच नियम आहे. त्यासाठी सलग चित्रणाऐवजी क्षणभराच्या प्रतिमा घेतात आणि किरणांचा झोत कोपरापुरताच ठेवतात. शिशाचे एप्रन आणि अंतर कर्मचाऱ्यांचे रक्षण करतात. किरणस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे एक चतुर्थांश होते.

पालकांनी काय पाहावे?

तारा साधारण तीन-चार आठवड्यांनी काढतात. तोवर बोटे थंड वा फिकट पडणे, बधिरपणा, बोटे सरळ करताना असह्य वेदना यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. सुजलेल्या कोपराला मालीश करणे किंवा घट्ट पट्टी बांधणे टाळावे. रक्तपुरवठा खुंटला तर हात कायमचा आखडू शकतो आणि तिथे काही तासांचा उशीरही महागात पडतो.