आधी जातो तार षड्ज

स्वरतंतूंवर गाठी येऊ लागल्या, तरी गायकाचा बोलण्याचा आवाज बरेचदा ठीकच असतो. आधी जातात ते वरचे, हळुवार सूर. तार षड्ज जोर लावून लागतो. हलकेच लावायला गेलं की फुटतो किंवा नुसती हवा येते.

स्वरतंतू दोन, लांबी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. बोलताना स्त्रीचे तंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. शिक्षिकेच्या घशातून दिवसभरात निव्वळ अर्धा तास आवाज निघाला, तरी साडेतीन लाखांवर टकरी होतात! सर्वाधिक मार थरथरणाऱ्या भागाच्या मध्यावर बसतो. कुदळ धरणाऱ्या तळहाताला घट्टे पडावेत तशा तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर गाठी उठतात. पॉलिप हा मऊ फुगवटा मात्र बहुधा एकाच बाजूला असतो. कधी एकदाच जिवाच्या आकांताने ओरडल्याने बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तिथे तो वाढतो.

गाठींमुळे तंतू पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते, आवाज घोगरा आणि पोकळ होतो. मोठ्या आवाजात ही फट झाकली जाते, म्हणून माणूस आणखी जोर लावतो, आणि गाठी आणखी घट्ट होतात. साठ मुलांच्या वर्गात माईकशिवाय शिकवणाऱ्या बाईंना ‘जरा जपून बोला’ एवढंच सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना माईक द्यायला हवा.

अशा बऱ्याच गाठी आवाजाच्या व्यायामाने, भरपूर पाण्याने आणि खाकरण्याची सवय सोडल्याने विरतात. शस्त्रक्रिया सहसा पॉलिप किंवा सिस्टसाठी (पिशवीसारख्या गाठीसाठी) लागते, आणि ती नाजूक असते. तंतूंचं मऊ आवरण आतल्या स्नायूवर मोकळं सरकतं म्हणून सूर निघतो. तिथे व्रण राहिला तर ते सरकणं थांबतं. ‘साउंड ऑफ म्युझिक’ चित्रपटातल्या गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्र्यूज यांच्यावर १९९७ साली घशाची शस्त्रक्रिया झाली. त्यांचा गाता आवाज परतला नाही.

स्वरतंतू प्रथम नीट पाहिले ते डॉक्टराने नव्हे, तर मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने, १८५४ साली, दोन आरसे आणि उन्हाच्या मदतीने, स्वतःच्याच घशात. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने काही मिनिटांत तेच पाहतात. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर ही तपासणी टाळू नये, तंबाखू-विडी ओढणाऱ्यांनी तर मुळीच नाही. साधी गाठ आणि कर्करोग, दोन्हींत आवाज सारखाच बसू शकतो.