उरल्यासुरल्या होजिअरीचा मऊ पायजमा

घरात शिलाई मशीन आहे, पण टी-शर्टच्या कापडाला हात लावायची भीती वाटते? दोन तुकडे, तीन शिवणी आणि सुट्ट्या कटपिसांची थोडी जुळवाजुळव, एवढ्यात मुलांचा रात्रीचा पायजमा तयार होतो.

मे महिना उजाडला की चेन्नईत 'कत्तिरी वेयिल' सुरू होते. साधारण ४ मे ते २८ मे हे दिवस तिथे वर्षातले सर्वांत कडक उन्हाचे मानले जातात. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, जिवाला जरा बरे वाटते, पण हवेतला दमटपणा रात्रभर हटत नाही. घरातले पुरुष लुंगी किंवा वेष्टी नेसतात, बायका सैल सुती नाइटी घालतात. त्यांची सोय झालेली असते. पंचाईत होते ती लहान मुलांची. चित्रे पाहून घेतलेले त्यांचे गुळगुळीत पायजमे पुष्कळदा सिंथेटिक धाग्याचे असतात. ते घाम शोषत नाहीत. मूल रात्री दोनदा उठते, मांड्यांच्या सांध्यात घामोळे येते आणि आईची झोप मोडते ती वेगळीच.

मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या घरांना हा अनुभव नवा नाही. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे सुती होजिअरी, म्हणजेच बनियन आणि टी-शर्टचे कापड. चेन्नईकरांच्या तर ते अगदी दाराशी आहे.

तिरुपूरचे वरदान, तिरुपूरची किंमत

चेन्नईपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर तिरुपूर आहे. देशातल्या होजिअरीची ही राजधानी. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इथला माल परदेशी जाऊ लागला आणि बनियन शिवणारे हे गाव जगाला टी-शर्ट पुरवू लागले. कापडातून नमुने कापताना मधल्या जागा वाया जातातच. शिवाय तागा संपताना उरलेले, रंग जरासा चुकलेले, मागणीपेक्षा जास्त विणले गेलेले कापडही मागे राहते. त्यातले मोठे तुकडे किलोच्या भावाने बाजारात येतात. अगदी बारीक चिंध्या यंत्रे पुसायला जातात किंवा पिंजून त्यांचे पुन्हा जाडे सूत काढले जाते.

या कापडाची एक किंमत मात्र दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. तिरुपूरच्या रंगशाळांचे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत सोडले गेले. शेतीसाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणात तेच रंगीत, खारे पाणी साचले आणि खालच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी व विहिरी नासल्या. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथल्या सातशेहून अधिक रंगशाळा बंद झाल्या. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळल्यावरच त्यांना पुन्हा काम सुरू करता येणार होते. म्हणजे हातातला हा मऊ तुकडा एका नदीला बरेच काही सोसायला लावून आलेला आहे. तो फरशी पुसून फेकून देण्याआधी एवढे आठवावे.

मराठी घरात कापड वाया घालवण्याची रीत मुळीच नाही. जुन्या लुगड्यांच्या वाकळा आणि गोधड्या घरोघरी शिवल्या गेल्या. पण होजिअरीचा तुकडा गोधडीत नीट बसत नाही, तो ताणतो आणि बाकीच्या कापडाला सुरकुत्या पाडतो. त्यामुळे नेमके हेच कापड अडगळीत पडते. त्याचा खरा उपयोग अंगावरच आहे.

भीती कशाची?

साधे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. होजिअरी मात्र स्वेटरसारखी एकात एक अडकवलेल्या फासांची असते, म्हणून ती ताणली जाते. साध्या टोकदार सुईने हे फास तुटतात आणि कापडाला भोके पडतात. यासाठी गोलसर टोकाची 'बॉलपॉइंट' सुई मिळते. ती धागा न तोडता बाजूला सारून आत शिरते. पातळ कापडाला ११ नंबर, जाड कापडाला १४ नंबर पुरे. सुती दोऱ्याऐवजी पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, तो ताण सहन करतो.

मशीनवर झिगझॅग टाका असेल तर अरुंद झिगझॅग उत्तम. घरातले जुने काळे मशीन फक्त सरळ टीप घालत असेल तरी अडत नाही. शिवताना कापड पुढून आणि मागून हलक्या हाताने सारखे ताणून धरावे आणि त्याच टिपेला लागून दुसरी टीप मारावी. फार ओढले तर शिवण लाटांसारखी होते, म्हणून आधी चिंधीवर हात बसवून घ्यावा. या कापडाच्या कडांचे धागे निघत नाहीत, त्यामुळे ओव्हरलॉक नसले तरी चालते. शिकाऊ हाताला ही केवढी सवलत!

तुकडा निवडताना

कापड सुतीच आहे ना, हे पाहण्यासाठी एक धागा काढून वाटीत जपून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. सिंथेटिक धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. मग कापडाची दहा सेंटीमीटर लांबी आडवी ओढून पाहावी. ती तेरा सेंटीमीटरपर्यंत सहज जावी आणि सोडताच जागेवर यावी. जे ताणले की ताणलेलेच राहते, त्याच्या पायजम्याला दोन दिवसांत गुडघे येतात.

कापण्याआधी तुकडा धुऊन वाळवणे आवश्यक आहे. सुती होजिअरी आटते, आणि लांबीला जास्त आटते. ओला तुकडा दोरीवर टांगला तर स्वतःच्या वजनाने लोंबतो, म्हणून चटईवर पसरून वाळवावा. इस्त्री वरून दाबावी, घासू नये.

माप आणि कापणी

मुलाला नीट बसणारा जुना पायजमा हाच उत्तम नमुना. त्याचा एक पाय दुसऱ्यात घालून तो वर्तमानपत्रावर पसरावा, कमरेचे इलॅस्टिक ताणून धरावे आणि पुढचा व मागचा आकार वेगवेगळा काढून घ्यावा. मागची बाजू कमरेशी दोन-तीन सेंटीमीटर उंच आणि आसनाला जास्त खोलगट असते. हा फरक विसरला तर मूल बसताच पायजमा मागून खाली ओढला जातो. दोन्ही कागद बाहेरच्या सरळ कडेला जोडले की एका पायाचा एकच तुकडा होतो आणि बाजूची शिवण वाचते.

शिवणीसाठी सगळीकडे दीड सेंटीमीटर माया सोडावी; कमरेला नेफ्यासाठी चार आणि खाली दुमडीसाठी तीन सेंटीमीटर जादा. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा सीटचा घेर साठ सेंटीमीटर धरला, तर साधारण एक मीटर रुंद आणि सत्तर सेंटीमीटर लांब तुकड्यात दोन्ही पाय बसतात. नमुना ठेवताना एकच नियम: कापड ज्या दिशेला जास्त ताणते, ती दिशा अंगाभोवती आडवी यावी. दुसरा पाय कापताना कागद उलटा करायला विसरू नये, नाहीतर दोन्ही पाय एकाच बाजूचे होतात.

कापड कमी पडले तर गुडघ्याखाली दुसऱ्या रंगाचा पट्टा जोडावा. पट्टाही आडवाच ताणला जाईल असा कापावा.

शिवण

प्रत्येक पायाचा तुकडा सुलट बाजू आत ठेवून दुमडावा आणि पायाची आतली शिवण घालावी. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात सरकवावा. दोन्ही आतल्या शिवणी एकमेकींवर आणून पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत आसनाची शिवण एका दमात मारावी. ही शिवण सर्वांत जास्त ताण घेते, म्हणून तिच्यावर दुसरी टीप हवीच.

कमरेची कड आत दुमडून नेफा शिवावा आणि चार सेंटीमीटर जागा उघडी ठेवावी. कमरेच्या मापापेक्षा पाच सेंटीमीटर कमी लांबीचे, दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीचे मऊ इलॅस्टिक सेफ्टी पिनेने ओवून त्याची टोके एकमेकांवर ठेवून शिवावीत आणि फट बंद करावी. सकाळी कमरेवर लाल वळ दिसला तर इलॅस्टिक सैल करावे. लहान मुलांच्या पायजम्याला लोंबणारी नाडी नको. ती कुठेतरी अडकण्याचा धोका असतो. शेवटी खालची कड एकदाच दुमडून शिवली की काम झाले.

जुना टी-शर्टही चालेल

बाजारातून कटपीस आणणे जमत नसेल तर वडिलांचा मानेशी विरलेला मोठा टी-शर्ट घ्यावा. काखेखालचे कापड सहसा धडधाकट असते. पुढच्या भागातून एक पाय, मागच्या भागातून दुसरा, असे कापले तर वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचा पूर्ण पायजमा किंवा मोठ्या मुलाची अर्धी चड्डी निघते. टी-शर्टची खालची शिवलेली कड तशीच पायजम्याची खालची कड म्हणून ठेवावी, म्हणजे दोन दुमडी वाचतात. छापील चित्राचा जाड भाग मात्र वगळावा, तिथून हवा जात नाही.

आणि यातूनही उरलेल्या चिंध्या? २००४ च्या त्सुनामीनंतर पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमधल्या 'उपासना' या संस्थेने कोळी वस्त्यांतल्या बायकांना कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून बोटाएवढ्या बाहुल्या करायला शिकवले. 'त्सुनामिका' नावाच्या या बाहुल्या देशोदेशी पोहोचल्या आणि समुद्राला भ्यालेल्या त्या बायकांच्या हातांना काम मिळाले. घरच्या चिंध्यांनी निदान एक उशी तरी भरता येते.

पहिला पायजमा शिवायला एखादी दुपार जाईल, दुसरा तासाभरात होईल. शिवण थोडी वाकडी आली तरी बिघडत नाही, रात्रीच्या कपड्याला कोण पाहतो? पहाटे मुलाच्या पाठीवरून, मांडीवरून हात फिरवावा. अंग कोरडे लागले आणि मूल गाढ झोपलेले असले, की शिवण जमली.